मिसळणाच्या डब्यातली औषधं

‘वय झालं’ हे निदान ज्या डॉक्टरने पहिल्यांदा केलं असेल, त्याला मला एकदा भेटायचंय. आईला चक्कर येते म्हटलं, वय झालं. दुपारभर खुर्चीत मान टाकून झोपते म्हटलं, वय झालं. दूध गॅसवर ठेवून विसरते, मला मावशीच्या नावाने हाक मारते, तर तेही वयच. फाइलवरचा आकडा वाचला की यांची तपासणी संपते. आईचं वय बाबा होते तेव्हाही झालेलंच होतं. तेव्हा ती खडकी बाजारातून भाजीच्या जड पिशव्या घेऊन सगळे जिने चढायची आणि वर आल्यावर मलाच विचारायची, “तुला का गं एवढा दम लागतो?”

बाबा गेले आणि काही महिन्यांत हे सगळं सुरू झालं. म्हणून मग दुसरं निदान आलं : धक्का. धक्का बसलाच होता, नाही कोण म्हणतंय? पण धक्का बसलेलं माणूस पलंगावरून उठताना रोज दाराची चौकट धरून डोळे मिटून उभं राहतं का, एवढाच माझा साधा प्रश्न होता. मेंदूच्या डॉक्टरांनी त्याचं उत्तर म्हणून विसरण्यावरची आणखी एक गोळी लिहून दिली. लिहिताना त्यांनी मान वर केली नाही. मी समोर बसून त्यांचा भांग बघत होते.

मग ती पडली. एकदा स्वयंपाकघरात, आणि नंतर न्हाणीघरात. दुसऱ्या वेळी मनगट मोडलं, आणि दादाचा बेत पक्का झाला.

दादा म्हणजे माझा भाऊ. सहस्रक बदलताना जगातले सगळे कंप्यूटर बंद पडणार अशी आवई उठली होती, तेव्हा ते वाचवायला पुण्यातून विमानं भरभरून जी पोरं अमेरिकेला गेली, त्यांतला तो एक. कंप्यूटर काही बंद पडले नाहीत, पण हा परत आला नाही. तिकडे बसून तो आम्हाला मॅनेज करतो. आईचं वीजबिल तो भरतो, फोन तो भरतो, पाण्याचं फिल्टर बदलायला माणूस तो पाठवतो. आता त्याने वाघोलीला वृद्धांसाठी बांधलेल्या एका मोठ्या संकुलात तिच्यासाठी खोली बघून ठेवली होती. दिवाळीला यायचं, तिला तिथे पोहोचवायचं आणि खडकीचा फ्लॅट विकायला काढायचा, असं त्याचं ठरलं होतं. आईचं काय ठरलंय ते कुणी विचारलं नव्हतं.

“शी इज नॉट सेफ अलोन,” तो फोनवर म्हणायचा. “तू इमोशनल होऊ नकोस. तिथे नर्स आहे, डॉक्टर आहे, ॲक्टिव्हिटीज आहेत.”

आईच्या ॲक्टिव्हिटीज मला पाठ आहेत. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे का ते बघणं. बाबांची सगळी नोकरी त्याच कारखान्यात गेली, आणि क्वार्टर सोडल्यावर हा फ्लॅटही भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावरच घेतला. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंशी जिन्यातल्या चपलांवरून भांडणं, आणि संध्याकाळी त्यांच्याचकडे कोथिंबीर मागायला जाणं. माझ्याकडे येऊन राहा म्हटलं, तर चार दिवसांत परत गेली. “तुझ्या त्या उंच बिल्डिंगमध्ये खालून कुणी हाकच मारत नाही,” म्हणाली. वाघोलीत कोण मारणार होतं, देव जाणे.

मनगटाचं प्लास्टर काढायला हॉस्पिटलमध्ये गेलो, तेव्हा तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं, “आजी सध्या काय काय गोळ्या घेतात?” एवढ्या सगळ्यांत हा प्रश्न विचारणारा हा पहिला. आई म्हणाली, “दोन-चार आहेत.” तो म्हणाला, “आमच्याकडे क्लिनिकल फार्मासिस्ट आहेत. एकदा सगळी औषधं त्यांना दाखवून घ्या. मग पुढचं बोलू.”

ही फार्मासिस्ट म्हणजे एक बाई आणि ती औषधं विकत नाही, एवढं मला चौकशीनंतर कळलं. पेशंट जे जे पोटात घालतो ते सगळं ती समोर मांडून घेते, कोणती गोळी कोणत्या गोळीशी भांडते, कोणती उगाच चालू राहिली आहे ते तपासते आणि डॉक्टरांना कळवते. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. एवढे दिवस हे लोक कुठल्या मजल्यावर दडवून ठेवले होते? आम्ही एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फाइल घेऊन हिंडत होतो, आणि प्रत्येक जण आधीच्याच्या गोळ्यांवर आपली एक गोळी ठेवत होता.

“फार्मासिस्ट?” दादा म्हणाला. “म्हणजे मेडिकलवाला?”

मी त्याला म्हटलं, तू दिवाळीपर्यंत गप्प बस. यातून काही निघालं नाही तर मीच आईची बॅग भरून देते. हे मी रागाच्या भरात बोलले, पण बोलले. त्याने ते लगेच धरून ठेवलं.

भेटीच्या आदल्या आठवड्यात फार्मासिस्टबाईंचा फोन आला. आवाज अगदीच तरुण, पण सूचना रोखठोक. “आजी जे काही घेतात ते सगळं आणा. गोळ्या, चूर्ण, काढा, मलम, डोळ्यांचे थेंब, शेजारणीने दिलेलं, मुलाने परदेशातून आणलेलं. पाकिटांसकट आणा. त्यातलं काही निवडू नका, आवरू नका. जसं आहे तसं.”

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या गोड शब्दांत त्यांना कळवायच्या. यातलं पहिलं मला जमतं. त्यामुळे तयारीत आपण कमी पडणार नाही अशी माझी खात्री होती. रजा टाकली आणि आदल्या दिवशी दुपारीच खडकीला राहायला गेले.

“माझी झडती घ्यायला आलीस का?” आईने दारातच विचारलं.

झडतीच होती ती. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या खळग्यांतून डोळ्यांचे थेंब आणि सांधेदुखीचं मलम निघालं. आमच्याकडे अंडं कधी आलं नाही, पण जागा वाया कशाला घालवायची? देवघराखालच्या खणात बुधवार पेठेतल्या दुकानातून आणलेलं पोटाचं चूर्ण. पर्समध्ये गुडघ्याची गोळी. ती खालच्या काकूंनी दिलेली, कारण ‘मला हिने फार गुण आला’. दादाने आणलेली व्हिटॅमिनची भलीमोठी बाटली ओट्यावर होती. तिच्यात मोहरी होती. “गोळ्या कुठायत?” विचारलं तर म्हणाली, “त्या घोड्याला द्यायच्या होत्या. झाकण मात्र छान बसतं.”

खऱ्या गोळ्यांची पाकिटं चहाच्या जुन्या डब्यात होती. निम्मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली, कापलेली. आमच्या मेडिकलवाल्यांची ही कात्री एकदा जप्त केली पाहिजे. पाच गोळ्या मागितल्या की ती बरोबर अशी चालते, की औषधाचं नाव दुकानात राहतं आणि आपल्या हातात नुसत्या चंदेरी पट्टीतल्या निनावी गोळ्या येतात. तरीही मी प्रत्येक तुकडा नीट लावला. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून सगळं मांडलं, आणि आईला बजावलं, “याला आता हात लावायचा नाही. आणखी काही घेत असशील तर तेही यात आण. सगळं म्हणजे सगळं.”

“सगळं?” तिने विचारलं.

“सगळं,” मी म्हटलं.

सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर टेबल स्वच्छ. चादर घडी घालून खुर्चीवर. आणि टेबलाच्या मधोमध आईचा मिसळणाचा डबा, चिंचेने घासून लख्ख केलेला. झाकण उघडलं. हळद-तिखटाच्या वाट्यांत गोळ्या होत्या. पांढऱ्या एका वाटीत, गुलाबी एका वाटीत, पिवळ्या एका वाटीत. एकीत कॅप्सुला. प्रत्येक गोळी पाकिटातून सोलून काढलेली.

“आई! पाकिटं कुठायत?”

“ती कशाला न्यायची? फाटकी, चिकट झालेली. परक्या बाईसमोर तसला पसारा नेऊन ठेवायचा का? घर कसं ठेवतात असं वाटेल तिला.”

“अगं पण ती पाकिटंच बघायची होती तिला!”

“मग गोळ्या नको होत्या का?”

कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. मी तरी खाली धावले. रस्त्यावर गाडीचं गाणंसुद्धा ऐकू येत नव्हतं. तिथेच उभी राहून मी कोणाकोणावर चिडले ते सांगत नाही. आईवर तर चिडलेच. पण कुणाच्या समोर जायचं म्हटलं की आधी घासूनपुसून, जे आहे ते लपवून, नीटनेटकं होऊनच गेलं पाहिजे, हे तिला कुणी शिकवलं? दुखणं घेऊन जायचं तरी डबा घासून. रिक्षात मी रस्त्याकडे तोंड करून बसले. तिने डबा मांडीवर घट्ट धरला होता, आणि प्रत्येक खड्ड्याला ती झाकणावर हात ठेवत होती.

फार्मासिस्टबाईंची खोली बिलाच्या खिडक्यांच्या पलीकडे, कोपऱ्यात होती. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीशी तपासणीचा पलंग, टेबलावर पांढरा कागद अंथरलेला. त्या माझ्या अंदाजापेक्षाही तरुण निघाल्या. आईने डबा उघडून त्यांच्यासमोर सरकवला, पाहुण्यांसमोर फराळ सरकवावा तसा. मी खुलासा सुरू केला. पाकिटं, कचरागाडी, मी किती वेळा बजावलं होतं. त्यांनी डब्याकडे पाहिलं आणि मला हातानेच थांबवलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “आजी, तुम्ही रोज सकाळपासून झोपेपर्यंत जशा घेता, तशा मला काढून दाखवा. तोंडात घालायच्या नाहीत. नुसत्या या कागदावर ठेवायच्या.”

आई सरसावून बसली. प्रत्येक वाटीतून एकेक गोळी उचलायची आणि ठेवायची. सकाळची एक डाव्या बाजूला. मग दुसरी, उजव्या बाजूला. परत डावीकडे. मग उजवीकडे एक कॅप्सूल. ही कॅप्सूल मी काल टेबलावर पाहिलीच नव्हती. रात्रीची एक छोटी पांढरी गोळी तिने उजवीकडे ठेवली. कागदावर दोन ढीग झाले, आणि उजवीकडचा काही लहान नव्हता.

“हे दोन ढीग कशाला, आजी?”

“ह्या माझ्या,” आई म्हणाली, “आणि ह्या यांच्या.”

“यांच्या म्हणजे?”

“म्हणजे यांच्या,” आई म्हणाली, आणि तिने पदर सारखा केला.

फार्मासिस्टबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “बाबांच्या,” मी म्हटलं. “पण बाबा तर दीड वर्षांपूर्वी गेले.”

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “आणि यांच्या गोळ्या आता कोण घेतं?”

“मीच घेते. दुसरं आहे कोण घरात?”

मी तिथूनच दादाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बाबांच्या आजारपणात त्याने एका ॲपवर दोघांच्या गोळ्या दर महिन्याला घरपोच यायची व्यवस्था केली होती, हे मला माहीत होतं. बाबा गेल्यावर त्या व्यवस्थेत काय बदललं, हे मी विचारलं. काहीच बदललं नव्हतं. दोघांची दोन पार्सलं, दर महिन्याला, बाबांचं बाबांच्या नावाने. पैसे आपोआप कापले जात होते.

“ते ऑटो-रिन्यूवर आहे ना,” दादा म्हणाला.

बाबांचं पिंडदान त्याने तिकडून व्हिडिओवर पाहिलं होतं. आणि ते ऑटो-रिन्यूवर होते! मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फार्मासिस्टबाईंनी फोन आपल्याकडे घेतला आणि त्याला बाबांच्या गोळ्यांची नावं एकेक करून वाचायला लावली. तो वाचत गेला, त्या डब्यातली गोळी नावाशी ताडून बाजूला काढत गेल्या. वाचता वाचता त्याचा आवाज खाली खाली गेला, आणि शेवटचं नाव त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

रक्तदाबाची एक, आईच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीवर. रात्रीची पांढरी, झोपेची. आणि ती कॅप्सूल. ती दाखवताना फार्मासिस्टबाई जरा अडखळल्या. “आजी, ही पुरुषांना देतात. वयस्कर पुरुषांना लघवीला अडतं ना, त्यासाठी.”

“इश्श!” आई म्हणाली. बाबा गेल्यापासून हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

त्यांनी आईला तपासणीच्या पलंगावर आडवं करून रक्तदाब मोजला, मग उभं करून मोजला. उभं राहिल्यावर आकडा धाडकन खाली आला आणि आईचा हात टेबलाची कड शोधू लागला. घरी चौकट शोधायचा तसाच. “ही कॅप्सूल आणि रक्तदाबाच्या दोन-दोन गोळ्या. चक्कर येणारच,” त्या म्हणाल्या. “दुपारची गुंगी आणि विसरणं, त्यात झोपेच्या गोळीचा मोठा हात असणार. सगळंच तिच्यामुळे असं मी आज म्हणणार नाही. पण हे नुसतं वय नाही.”

इतके महिने मला हे एकच वाक्य कुणाकडून तरी ऐकायचं होतं. ऐकलं, आणि माझा बांध फुटला तो आईवरच.

“अगं काय केलंस हे! दुसऱ्याची औषधं असं कुणी घेतं का?”

आईने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “दुसरे होते का ते?”

मग ती फार्मासिस्टबाईंकडे वळली. माझ्याशी ती यावर कधीच बोलली नव्हती, आणि तेव्हाही ती माझ्याशी बोलत नव्हती.

“गोळ्या चांगल्या असतात, मुदतीतल्या. टाकून कशा द्यायच्या? त्यांची आठची वेळ झाली की मला चैन पडत नाही. इतकी वर्षं मीच देत होते ना हातात. पेन्शनच्या खिडकीवर सांगितलं, हे गेले. बँकेत सांगितलं. गॅसवाल्याला सांगितलं. सोसायटीत सांगितलं. प्रत्येकाने दाखला मागितला, वर त्याच्या झेरॉक्स मागितल्या, सही करून. एकाने तर विचारलं, नक्की कधी गेले? हा पार्सलवाला तेवढा काही मागत नाही. काकाजी कसे आहेत म्हणून विचारतो फक्त.”

माझा सगळा राग त्या खिडक्यांकडे वळला, आणि खरं सांगायचं तर तो अजून तिकडेच आहे. ज्या बाईने चाळीस-पंचेचाळीस वर्षं नवऱ्याचं नाव तोंडाने उच्चारलं नाही, तिला यांनी काचेच्या भोकातून मोठ्याने सांगायला लावलं, की तो मेला. पुन्हा पुन्हा, ओळीने, पुढच्या खिडकीवर. एकालाही वाटलं नाही की शेजारच्या टेबलावरून कागद आपणच मागून घ्यावा.

फार्मासिस्टबाईंनी पुढचं सगळं डॉक्टरांशी बोलून ठरवलं. कॅप्सूल आणि बाबांची रक्तदाबाची गोळी त्याच दिवशी बंद झाली. झोपेची एकदम तोडायची नव्हती, ती हळूहळू उतरवायची होती. काकूंची गुडघ्याची गोळीही गेली. मेंदूच्या डॉक्टरांची गोळी त्यांना विचारून थांबवली, तेव्हा त्यांनी मान वर केली असेल का, मला उत्सुकता आहे. डबा मात्र आईने परत आणला. “तिखटाला वास नाही ना लागणार?” एवढीच तिची काळजी होती.

दादाने त्या दोन पार्सलांतलं बाबांचं बंद केलं. एक बटण दाबायचं होतं, तेवढंच. वाघोलीचं तो काही बोलेना. पुढच्या रविवारी म्हणाला, “लेट्स होल्ड ऑन दॅट.” त्याच्या पुढच्या रविवारी आईनेच त्याला फोनवर झापलं, की व्हिटॅमिनच्या बाटल्या आणणार असशील तर रुंद तोंडाच्या आण. त्यावर तो हसला, आणि मग बराच वेळ नुसता नाक ओढत राहिला. वाघोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

महिना झाला तेव्हा मी खडकीलाच होते. बेल वाजली. आई उठली आणि चौकटीला हात न लावता सरळ दारापर्यंत गेली. मी आतल्या खोलीतून बघत होते. दारात पार्सलवाला होता, नागपूरकडचा माणूस, हेल्मेट काखेत धरलेलं.

“या बारीनं एकच आहे जी, मावशी,” तो म्हणाला. “काकाजीचं नाही आलं. तब्येत बरी आहे ना त्यायची?”

मी पुढे झाले. दोष दिसला की तो तिथल्या तिथे सांगून टाकायचा, ही माझी सवय आहे आणि पोटापाण्याचा धंदाही. एका वाक्यात हा घोळ कायमचा मिटला असता. मी तोंड उघडलं होतं.

“बरे आहेत,” आई म्हणाली. “गोळ्या सुटल्या त्यांच्या.”

“अरे वा! चांगलं झालं न मंग,” तो म्हणाला.

“हो,” आई म्हणाली. “पाणी घेता का?”

मी तोंड मिटलं आणि पाणी आणायला आत गेले.